गाणं उसनं, आवाज कुणाचा?

१९९० साली अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात, रिनो शहरात, एक विलक्षण खटला चालला. पाच वर्षांपूर्वी तिथून जवळच दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. ज्युडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या एका गाण्यात लपवलेल्या आज्ञेने त्यांना या टोकाला नेलं, असा त्यांच्या कुटुंबीयांचा दावा होता. गाणं होतं १९७८च्या ‘स्टेन्ड क्लास’ या अल्बममधलं ‘बेटर बाय यू, बेटर दॅन मी’. पण हे गाणं मुळात ज्युडास प्रीस्टचं नव्हतंच. ते स्पूकी टूथ या बँडच्या गॅरी राइटने लिहिलेलं, १९६९ साली आलेलं. शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची. न्यायालयात कीस पाडला गेला तो मात्र गायकाच्या श्वासाचा आणि गिटारच्या आवाजाचा. एका ट्रॅकवर श्वास सोडल्याचा आवाज आणि दुसऱ्या ट्रॅकवरची गिटार योगायोगाने एकमेकांत मिसळून ती कथित आज्ञा कानाला भासते, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला आणि दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. संगीताच्या दृष्टीने त्यात एक कळीची गोष्ट उरली. त्या उसन्या गाण्यात बँडचं स्वतःचं असं जे काही होतं ते म्हणजे आवाज, आणि आकर्षण, भीती, आरोप हे सगळं त्या आवाजाभोवतीच गोळा झालं.

आज मेटलच्या वर्तुळात दोन तक्रारी एका दमात ऐकू येतात. पहिली अशी की कव्हरचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गाण्याचा, सुळसुळाट झाला आहे; जो तो एखादं जुनं लोकप्रिय गाणं उचलतो, त्यावर जड गिटार चढवतो आणि मोकळा होतो. दुसरी अशी की नवे अल्बम ढिगाने येतात, पण ते मन लावून ऐकतो कोण? नावाजलेल्या बँडच्या कार्यक्रमात नवं गाणं सुरू झालं की निम्मी गर्दी बिअरच्या रांगेत उभी राहते. या दोन तक्रारींची बेरीज करून अनेक जण म्हणतात की ही कला आटली. मला हा निष्कर्ष पटत नाही. कव्हर आणि नवनिर्मिती यांच्यात वैर आहे असं मेटलचा इतिहास सांगत नाही. उलट चांगल्या कव्हरने नव्या निर्मितीची जमीन तयार केल्याचे दाखले जागोजागी मिळतात. बदल झाला आहे तो कव्हरच्या दिशेत. पूर्वी ओळखीचा बँड श्रोत्याला अनोळखी गाण्यापाशी नेत असे. आता ओळखीचं गाणं श्रोत्याला अनोळखी बँडपाशी नेतं. आजच्या मेटलचं बरंवाईट या उलट्या झालेल्या वाटेवरून तपासलं, तर कव्हरबद्दलची चीड आणि नव्या अल्बमबद्दलची उदासीनता या दोहोंचा उलगडा होतो.

आधी हे पाहायला हवं की उसनं गाणं मेटलच्या प्रकृतीला इतकं मानवतं कसं. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जाणकार तिथूनच धरतात. त्याच्या ब्रिटिश आवृत्तीतली दोन गाणी दुसऱ्यांची आहेत: ‘ईव्हिल वुमन’ हे क्रो या अमेरिकन बँडचं आणि ‘वॉर्निंग’ हे एन्सली डनबारच्या बँडचं. ‘ईव्हिल वुमन’ तर सॅबथचं पहिलं सिंगल. म्हणजे उसनवारी या संगीताला बाळपणापासूनच अंगवळणी पडलेली आहे. याचं कारण असं की मेटल ओळखू येतं ते चालीवरून कमी आणि आवाजावरून जास्त: ॲम्प्लिफायरमधून मुद्दाम फाडलेला गिटारचा आवाज, खाली उतरवलेल्या तारा, पुन्हा पुन्हा घुमणारा छोटा स्वरसमूह म्हणजे रिफ, आणि त्या रिफला घट्ट बांधलेले ड्रम. मराठी श्रोत्याला इथे ख्यालातली बंदिश आठवेल. एकच बंदिश दहा गवई गातात आणि कुणी तिला उसनी म्हणत नाही. पण हे साम्य अर्ध्या वाटेवर संपतं. ख्यालात बंदिश हा विस्ताराचा आधार असतो. गवई तिच्यापासून दूर जातो, समेवर परततो, आणि त्याचा वकूब कळतो तो या मधल्या प्रवासात. मेटलमध्ये गिटारच्या सोलोचे काही क्षण सोडले तर सगळं बांधीव असतं. तिथे बँडचा वकूब कळतो आवाजाच्या पोतात, लयीच्या वजनात आणि मुख्य म्हणजे कोणतं गाणं निवडलं यात. कव्हर ही मेटलवाल्यांनी वाद्यांवर लिहिलेली समीक्षा असते, आणि समीक्षेइतकीच तिची किंमत निवडीवर ठरते.

ही समीक्षा सर्वांत स्वच्छ दिसते ती मेटॅलिकाच्या १९८७च्या ‘गराज डेज री-रिव्हिजिटेड’ या छोट्या रेकॉर्डवर. आदल्या वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बासवादक क्लिफ बर्टन गेला होता. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडला घेऊन बँडने बाहेर काढलेली ही पहिली रेकॉर्ड, आणि तिच्यातलं एकही गाणं त्यांचं नाही. डायमंड हेडचं ‘हेल्पलेस’, होलोकॉस्टचं ‘द स्मॉल अवर्स’, किलिंग जोकचं ‘द वेट’, बजीचं ‘क्रॅश कोर्स इन ब्रेन सर्जरी’ आणि शेवटी मिसफिट्सची दोन गाणी एकाला एक जोडून. यादी नीट वाचली तर तिच्यात थ्रॅश या मेटलच्या वेगवान शाखेची अख्खी वंशावळ सापडते. डायमंड हेड आणि होलोकॉस्ट हे १९८०च्या आसपास ब्रिटनमध्ये उसळलेल्या नव्या मेटल लाटेतले बँड, बजी हा सत्तरच्या दशकातला वेल्सचा, किलिंग जोक पंकनंतरच्या लंडनचा आणि मिसफिट्स न्यू जर्सीच्या पंकमधला. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या अल्बममुळे मेटॅलिकाचं नाव तेव्हा सर्वदूर झालं होतं, ही नावं मात्र त्यांच्या बहुतेक अमेरिकन श्रोत्यांच्या कानावरून गेलेली नव्हती. ‘हेल्पलेस’ मूळ रूपात आणि या रूपात लागोपाठ ऐकलं की फरक लगेच कळतो. डायमंड हेडची गिटार मोकळी आहे, तिच्यात रॉक अँड रोलची झुलती चाल अजून शिल्लक आहे. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड तळहाताची कड तारांवर दाबून प्रत्येक ठोका आखूड आणि कोरडा करतो. त्यामुळे तोच रिफ झुलायचा थांबतो आणि रेटत पुढे जातो. स्वर तेच, पण दोन ठोक्यांमधली शांतता वेगळी. ब्रिटिश मेटल संपून थ्रॅश कुठे सुरू होतं हे पानभर लिहून जितकं समजावता येईल, त्याहून अधिक या फरकात कळतं. आणि ही आवड वरवरची नव्हती: ड्रमर लार्स उलरिकने १९९० साली पत्रकार जेफ बार्टनबरोबर त्या ब्रिटिश लाटेतल्या गाण्यांचं एक संकलनही काढलं.

त्या काळातली इतर नामवंत कव्हरं याच वळणाची आहेत. प्रीस्टने १९७७ साली जोन बाएझचं ‘डायमंड्स अँड रस्ट’ घेतलं आणि एका स्त्रीने लोकसंगीताच्या अंगाने मांडलेला जुन्या प्रेमाचा हिशेब मेटलच्या वेगाला पेलतो हे दाखवून दिलं. स्लेयरने १९९६च्या ‘अनडिस्प्यूटेड ॲटिट्यूड’मध्ये मुख्यतः हार्डकोर पंकची गाणी घेतली, आपला वेग आपण ज्यांच्याकडून शिकलो त्यांची ती जाहीर कबुली होती. पँटेराचा ‘फार बियॉन्ड ड्रिव्हन’ १९९४ साली बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. इतक्या आक्रमक अल्बमचा शेवट मात्र सॅबथच्या ‘प्लॅनेट कॅरव्हान’ने होतो, जवळजवळ कुजबुजत. श्रोत्यांनी बिथरू नये म्हणून अल्बमच्या पुस्तिकेत तशी टीपसुद्धा द्यावी लागली. सॅबथ म्हणजे नुसता गडगडाट असं समजणाऱ्या पिढीला त्या एका गाण्याने मूळ बँडची दुसरी बाजू ऐकवली. डेथ या बँडने १९९८ साली आपल्या अल्बमच्या शेवटी प्रीस्टचं ‘पेनकिलर’ ठेवलं. डेथ मेटलची मुळं अभिजात मेटलमध्ये किती खोल गेली आहेत याचं ते प्रात्यक्षिकच. या प्रत्येक ठिकाणी बँडला स्वतःचा श्रोता आधीपासून होता. त्या विश्वासाच्या बळावर त्याने श्रोत्याला आडवाटेला नेलं.

उलटं वळण एका दिवसात आलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रेडिओला सोसेल असं जड संगीत हवं होतं, आणि आधीच्या पिढीची सिंथपॉप किंवा पॉप गाणी त्यासाठी हाताशी होती. ऑर्जीने न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ घेतलं, फिअर फॅक्टरीने गॅरी न्यूमनचं ‘कार्स’, आणि २००१ साली एलियन अँट फार्मने मायकल जॅक्सनचं ‘स्मूथ क्रिमिनल’. पुढे यूट्यूब आलं आणि ही वाट हमरस्ता झाली. नॉर्वेच्या लिओ मोराक्किओलीसारख्या वादकाने स्वतःच्या स्टुडिओत एकामागून एक पॉप गाण्यांची मेटल रूपं करून मोठा श्रोतृवर्ग मिळवला. यामागचा व्यवहार साधा आहे. नवख्या बँडचं नाव कुणी शोधत नाही, पण माहीत असलेल्या गाण्याचं नाव रोज हजारो लोक शोधतात. त्या शोधात आपलं नाव सापडावं यासाठी कव्हर. शिवाय अमेरिकेच्या कायद्यानुसार एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेला मोबदला भरून कुणालाही नव्याने ध्वनिमुद्रित करता येतं, त्यासाठी रचनाकाराची मनधरणी करावी लागत नाही. शैलीप्रमाणे मांडणी बदलायला कायदा मोकळीक देतो. गाण्याची मूळ चाल आणि मूळ स्वभाव मात्र बदलू देत नाही. म्हणजे कव्हरने धाडस किती करावं याची एक लक्ष्मणरेषा बाजाराच्या आधी कायद्यानेच आखलेली आहे. आणि रचनेचं मानधन मूळ रचनाकाराकडेच जात असल्यामुळे, कव्हरवर नाव झालेल्या बँडला पोट भरायला शेवटी स्वतःची गाणी लागतातच.

या नव्या दिशेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे डिस्टर्ब्ड या बँडने २०१५ साली केलेलं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’. सायमन आणि गारफंकल यांचं साठच्या दशकातलं हे गाणं कोण ओळखत नाही? डिस्टर्ब्डच्या रूपात पियानोच्या सुट्या स्वरांवर गायक डेव्हिड ड्रेमन अगदी खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा सुरू होतो. मग ॲकूस्टिक गिटार येते, व्हायोलिनांचा समूह येतो, टिंपनीचे भारदस्त ठोके येतात, आणि शेवटच्या कडव्यांत तोच गळा वर चढून घोगरा, गर्जणारा होतो. गायकी नि:संशय कसदार आहे. खुद्द पॉल सायमननेही ड्रेमनला तशी दाद कळवली. पण या शतकातल्या सर्वांत लोकप्रिय मेटल कव्हरांपैकी एका गाण्यात फाडलेली गिटार नाही, रिफ नाही, मेटलचे ड्रमही नाहीत. मेटल शिल्लक आहे ते फक्त बँडच्या नावात आणि गायकाच्या घशात. गाण्याचा परिणाम उभा राहतो तो श्रोत्याच्या आधीच्या माहितीवर: हे गाणं त्याला माहीत आहे, अशा बँडकडून ते असं गायलं जाईल हे माहीत नाही. हा आनंद खरा असला तरी तो विस्मयाचा आनंद आहे, आणि विस्मय दुसऱ्यांदा तितकाच होत नाही. मेटॅलिकाच्या ‘हेल्पलेस’ने श्रोत्याला डायमंड हेडची रेकॉर्ड धुंडाळायला लावलं. ‘साउंड ऑफ सायलेन्स’ ऐकून सायमन आणि गारफंकल कुणाला नव्याने सापडले असतील अशी शक्यता कमीच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रसिद्ध गाणी उचलणं हे काही आजचं नाही. ब्लू चिअरने १९६८ साली एडी कॉक्रनचं दहा वर्षांपूर्वीचं ‘समरटाइम ब्लूज’ घेतलं आणि बिलबोर्डच्या यादीत चौदावा क्रमांक गाठला. मेटलच्या पूर्वजांत त्याची गणना होते. क्वायट रायटने १९८३ साली स्लेड या ब्रिटिश बँडच्या गाण्याच्या जोरावर ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेला, आणि असा मान मिळवणारा तो पहिला हेवी मेटल अल्बम ठरला. आक्षेप खरा आहे, पण या दोन्ही उदाहरणांत एक बाजू नवी होती. ब्लू चिअरच्या बाबतीत गाणं जुनं असलं तरी तो फाटलेला, कान बधिर करणारा आवाज तेव्हा जगाने फारसा ऐकलेला नव्हता. जुन्या गाण्याच्या पट्टीवर नवा आवाज मोजून पाहता आला. क्वायट रायटच्या बाबतीत स्लेड ब्रिटनमध्ये घराघरांत पोचलेला होता, अमेरिकेत मात्र त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. म्हणजे तिथल्या श्रोत्यासाठी गाणंच नवं होतं. आजची अडचण अशी की दोन्ही बाजू ओळखीच्या झाल्या आहेत. गाणं पाठ असतं, आणि जड गिटार व गुरगुरता गळा यांचं मिश्रणही अर्धशतकाने जुनं झालेलं असतं. दोन माहितीच्या गोष्टी शेजारी ठेवून तिसरी नवी गोष्ट निघेल याची खात्री राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गाजलेल्या गाण्याच्या खिडकीतूनच नवा श्रोता मेटलमध्ये डोकावतो, आणि खिडकीच बंद केली तर ही कला आपल्या जुन्या भक्तांपुरती उरेल. दिल्लीचा ब्लडीवुड हा याचा उत्तम पुरावा. करण कटियार आणि जयंत भदुला यांनी सुरुवात केली ती पॉप गाण्यांच्या मेटल विडंबनांनी. पंजाबी एमसीच्या ‘मुंडियाँ तो बच के’च्या मेटल रूपाने त्यांना भारताबाहेर श्रोता मिळाला. पण त्यांची कथा तिथे थांबत नाही. रॅपर राउल केर बरोबर आला, ढोल आणि बासरी रिफच्या अंगात मुरली, २०१९ साली जर्मनीच्या वाकेन महोत्सवाचा मंच मिळाला आणि २०२२ साली स्वतःच्या गाण्यांचा ‘रक्षक’ आला. कव्हरच्या काळात पंजाबी ठेका आणि मेटल यांचं लग्न लावण्याची जी उमेदवारी झाली, तीच पुढे कामी आली. मुंबईचा अनुभवही हेच सांगतो. रंगभवनातल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाच्या काळात वाढलेल्या इथल्या बँडांची उमेदवारी मोठ्या प्रमाणावर परदेशी गाणी वाजवण्यातच गेली, त्याच शहरातल्या साहिल मखिजाच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ हा अख्खा अल्बम केला. तेव्हा आक्षेपाचं उत्तर आक्षेपातच दडलेलं आहे. उंबऱ्यावर कव्हर असायला हरकत नाही, पण आत घर हवं. उंबऱ्यावरच बिऱ्हाड थाटणाऱ्या शेकडो बँडांविषयी तक्रार आहे.

आता नव्या अल्बमांकडे. इथे एक गैरसमज आहे की स्वतः रचलेलं ते नवं आणि दुसऱ्याचं गायलेलं ते जुनं. ब्लॅक सॅबथचा २०१३चा ‘१३’ हा अल्बम अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातली सगळी गाणी नवी आहेत, आणि तरी पहिलंच गाणं १९७०च्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्याची सावली वाटावं इतकं त्याच वळणाचं आहे: तीच संथ जड सुरुवात, तसंच मध्येच वेग घेणं. कायद्याने ते नवं गाणं, कानाला ते स्वतःचंच कव्हर. आयर्न मेडनचा प्रवास याची दुसरी बाजू दाखवतो. २००६ साली ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ आला तेव्हा त्यांनी त्या दौऱ्यात संपूर्ण नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. जुनी गाणी ऐकायला आलेल्यांची कुरकुर झाली, तरी बँड हटला नाही. २०२१ साली ऐंशी मिनिटांहून लांब ‘सेन्जुत्सू’ त्यांनी दिला. पण २०२५ साली सुरू झालेल्या पन्नाशीच्या दौऱ्यात गाणी घेतली ती १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बमांतूनच. वर्धापनदिनाला आठवणी काढाव्यात यात गैर काही नाही. पण पहिल्या फळीच्या बहुतेक बँडांचं कॅलेंडर आज वर्धापनदिनांनी भरलेलं आहे, आणि त्यात नव्या अल्बमचं स्थान दौऱ्याच्या निमित्तापुरतं उरत चाललं आहे. श्रोता नव्या गाण्याला बिअरच्या रांगेत जातो याचा दोष एकट्या श्रोत्याला देता येणार नाही. नवं गाणं ऐकायचं असतं ही सवय बँडांनीच मोडली.

या पार्श्वभूमीवर स्वीडनच्या घोस्टचं उदाहरण फार बोलकं आहे. टोबियास फोर्गेचा हा बँड मोठ्या अल्बमांच्या मध्ये अधूनमधून कव्हरांची एखादी छोटी रेकॉर्ड काढतो, आणि त्याची निवड गाजलेल्या मेटल गाण्यांना सहसा टाळते. २०१३ साली ‘इफ यू हॅव घोस्ट’वर रॉकी एरिक्सन आणि डेपेश मोड आले, अब्बाचंसुद्धा एक कमी वाजलेलं गाणं आलं. २०१६च्या ‘पोपस्टार’वर एको अँड द बनीमेन आले, युरिद्मिक्स आले आणि इम्पेरियेत हा स्वीडिश बँडही. २०२३च्या ‘फँटोमाइम’मध्ये टेलिव्हिजन आणि स्ट्रँग्लर्सच्या पंगतीला आयर्न मेडन बसला. हा बँड श्रोत्याला जुन्याच रीतीने आडवाटेला नेतो. पण खरी गोष्ट पुढे आहे. ‘पोपस्टार’वर ‘स्क्वेअर हॅमर’ हे एकच गाणं बँडचं स्वतःचं होतं, आणि तेच त्यांच्या सर्वांत लाडक्या गाण्यांपैकी एक ठरलं. अमेरिकेच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत ते पहिलं आलं. त्यात सिंथेसायझरची जी चमकदार ओळ आहे आणि पॉपला साजेसं जे घट्ट धृपद आहे, ते शेजारच्या उसन्या गाण्यांतून शिकलेलं आहे हे ती रेकॉर्ड सलग ऐकली की लपत नाही. २०२५ साली घोस्टचा ‘स्केलेटा’ बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी स्लीप टोकनचा ‘ईव्हन इन आर्केडिया’ही तिथे पोचला. नव्या अल्बमची ओढ संपली असती तर हे घडलं नसतं. लोकप्रियतेपासून दूर असलेल्या टोकालाही तीच भूक दिसते: कोलोरॅडोच्या ब्लड इन्कँटेशनने २०२४च्या ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये डेथ मेटल आणि सत्तरच्या दशकातलं जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आणलं, तेही दोनच दीर्घ रचनांत. हा अल्बम कुणाचंही कव्हर नाही, तरी जुन्या संगीताचा इतका सखोल अभ्यास क्वचितच ऐकायला मिळतो.

तिसरा आक्षेप या मांडणीच्या थेट विरुद्ध दिशेने येईल: निवडीला एवढं महत्त्व देणं म्हणजे अनोळखी गाणी पाठ असणाऱ्या जाणत्यांची मिरासदारी नव्हे का? सामान्य श्रोत्याला गाणं आवडलं, पुरे झालं. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि पुरस्कारांचा इतिहास त्याच्या बाजूने उभा करता येईल. मेटॅलिकाला १९९१ साली क्वीनच्या ‘स्टोन कोल्ड क्रेझी’साठी ग्रॅमी मिळालं आणि २००० साली ‘व्हिस्की इन द जार’ या आयरिश लोकगीतासाठी. २०१५ साली टेनेशस डीला डिओच्या गाण्यासाठी मिळालं. २०२५ साली ते फ्रान्सच्या गोजिराला मिळालं, पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात फ्रेंच राज्यक्रांतीतल्या एका गीताला दिलेल्या मेटल रूपासाठी. यातली ‘व्हिस्की इन द जार’ आणि गोजिराची गीतं लोकांच्या तोंडची, ओळखीचीच. पण गोजिराने केलं काय ते पाहा: कॉन्सिएर्जरीच्या ऐतिहासिक कारागृहाच्या भिंतींवर उभं राहून, ऑपेरा गायिका मारिना व्हियोतीच्या साथीने, सरदारांना फासावर चढवण्याची भाषा करणारं गीत त्यांनी मेटलच्या हिंसेत पुन्हा ठेवलं. शाळेतल्या इतिहासाने गुळगुळीत केलेल्या गीताची धार परत आली. म्हणजे गाणं ओळखीचं असणं हा दोष नाही. ओळखीच्या गाण्यातलं अनोळखी काही बाहेर यावं इतकीच अट आहे, आणि ती ऐकण्यासाठी जाणता असण्याची गरज नाही. दिशा उलट करूनही ही अट पाळता येते. मेटॅलिकाच्या ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्बमच्या तिशीनिमित्त २०२१ साली ५३ कलावंतांनी त्यातली गाणी आपापल्या पद्धतीने गायली. विशाल ददलानी आणि शोर पोलिस यांच्याबरोबर मुंबईच्या डिव्हाइनने ‘द अनफर्गिव्हन’ला आपल्या रॅपची जोड दिली. इतक्या मोठ्या संग्रहात कंटाळवाणं बरंच आहे. पण मेटलची रचना मेटलच्या आवाजाशिवाय किती उभी राहते याची ती खरी कसोटी होती, आणि काही गाणी तिला उतरली.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथ आणि त्याचा गायक ऑझी ऑस्बर्न यांच्या निरोपाचा कार्यक्रम झाला. आलेल्या बहुतेक बँडांनी स्वतःच्या गाण्यांबरोबर सॅबथचं किंवा ऑझीचं एखादं गाणं वाजवलं. मेटॅलिकाने निवडली ‘होल इन द स्काय’ आणि ‘जॉनी ब्लेड’, गोजिराने ‘अंडर द सन’. ‘जॉनी ब्लेड’ १९७८च्या अशा अल्बममधलं आहे की ज्याला सॅबथचे चाहतेसुद्धा फारसा भाव देत नाहीत. एवढा मोठा जमाव पुढ्यात असताना, हमखास टाळ्यांची गाणी हाताशी असताना, ही निवड करणं म्हणजे कव्हरची जुनी दिशा अजून जिवंत असल्याची ग्वाही. तेव्हा कव्हर कमी करा, नवे अल्बम ऐका, असा उपदेश निरर्थक आहे. मागणी करायची तर परीक्षकांकडे करावी. कव्हरांना दोन ओळींत निकालात काढायची आणि नव्या अल्बमचं ‘पुनरागमन’ म्हणून कौतुक करायची सवय त्यांनी सोडावी. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: या ध्वनिमुद्रणात जुनं कोणाकडून घेतलं आहे, आणि ते घेताना बँडने स्वतःचं काय पणाला लावलं आहे? या प्रश्नावर १९८७ची मेटॅलिका पास होते आणि ‘१३’ जेमतेम काठावर राहतो. यूट्यूबवरची असंख्य कव्हरं नापास होतात, गोजिरा आणि घोस्ट अव्वल ठरतात. निकाल गाणं कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे यावर लागत नाही, आणि मेटलच्या भवितव्याचा निकालही त्यावर लागणार नाही.